इंग्रजी क्रियापदांचे सोबती : 'टू' लावावे की 'फॉर'?



आपल्या संस्थेच्या अभ्यासिकेत दर रविवारी सकाळी मुले-मुली नोकरीचे अर्ज आणि परीक्षांच्या प्रश्नपत्रिका घेऊन येतात. आम्ही काही इंग्रजीचे प्राध्यापक नाही. बी. ए. झालो आणि बँकेत कारकून म्हणून लागलो, एवढीच आमची पात्रता. परंतु रोज इंग्रजी कागद हाताखालून जात असल्याने मुले आम्हाला विचारतात आणि येते तेवढे आम्ही सांगतो. मागे एका मुलीने आपला अर्ज दाखविला. अक्षर सुरेख, स्पेलिंग बिनचूक, पण वाक्ये फारच तुटक. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "काका, 'टू' लावायचे की 'फॉर' हेच मला कळत नाही. म्हणून ते जिथे येते ती वाक्येच मी गाळते. मुलाखतीत तर मी गप्पच बसते."

तिचे हे बोलणे आमच्या मनाला लागले, कारण आमची गोष्ट याहून वेगळी नव्हती. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत एका वृद्ध बाईंची पेन्शन तीन महिने खात्यात जमा झाली नव्हती. त्यांच्या तक्रारीचे पत्र वरच्या कार्यालयाला लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही शेवटी मोठ्या ऐटीत लिहिले, 'प्लीज लुक आफ्टर धिस मॅटर.' 'या प्रकरणात लक्ष घालावे' असे आम्हाला म्हणायचे होते. साहेबांनी 'आफ्टर'भोवती लाल वर्तुळ काढले आणि सर्वांदेखत म्हणाले, "अहो, 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळ करणे. बाईंची तक्रार काय पाळण्यात घालून जोजवायची आहे?" सगळी शाखा हसली. तिथे हवे होते 'लुक इन्टू'. पत्र दुरुस्त होऊन गेले, बाईंची पेन्शनही जमा झाली. पण त्यानंतर दोन वर्षे इंग्रजी पत्र लिहायची वेळ आली की आम्ही काहीतरी निमित्त काढून ते दुसऱ्याच्या टेबलावर सरकवत असू. त्याच काळात बढतीच्या परीक्षेचा अर्ज भरायचा होता, तोही भरला नाही आणि पुढे तो राहूनच गेला. चूक एका शब्दाची होती; नुकसान केले ते भीतीने. ही भीती आपल्या मुलांच्या वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी हा लेख.

अडचण नेमकी कोठे आहे?

मराठीत नाम आधी येते आणि त्याला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय मागून जोडले जाते. टेबलावर, घरात, गावाहून, मित्रासाठी. इंग्रजीत हा शब्द नामाच्या आधी येतो; म्हणून त्याला 'प्रिपोझिशन' म्हणतात. ही उलटापालट आपल्या लवकर अंगवळणी पडते. खरी अडचण येते ती क्रियापदानंतर. आपण मनात मराठी वाक्य तयार करतो, त्यातला प्रत्यय उचलतो आणि त्याचे भाषांतर करतो. शाळेपासून आपल्या डोक्यात समीकरण बसलेले असते : 'वर' म्हणजे 'ऑन', 'शी' म्हणजे 'विथ', 'ला' म्हणजे 'टू'.

हे समीकरण किती टिकते ते 'वर' घेऊन पाहू. 'पावसावर अवलंबून असणे' म्हणजे 'डिपेंड ऑन द रेन'. येथे समीकरण बरोबर ठरले. पण 'लोकशाहीवर विश्वास असणे' म्हणजे 'बिलीव्ह इन डेमॉक्रसी'. 'त्याच्यावर चोरीचा आरोप करणे' म्हणजे 'अक्यूझ हिम ऑफ थेफ्ट'. 'मुलावर रागावणे' म्हणजे 'बी अँग्री विथ द बॉय'. 'आईवर प्रेम करणे' यात तर इंग्रजीला काहीच नको. 'लव्ह वन्स मदर'. 'गावावर हल्ला करणे' यातही काही नको. 'अटॅक द व्हिलेज'. म्हणजे आपल्या एका 'वर'साठी इंग्रजीत 'ऑन', 'इन', 'ऑफ', 'विथ' आणि कधी निव्वळ रिकामी जागा! 'शी'चेही तसेच. 'त्याच्याशी सहमत' येथे 'अग्री विथ', 'त्याच्याशी बोलणे' येथे 'स्पीक टू', आणि 'शिक्षकाशी लग्न करणे' येथे नुसते 'मॅरी अ टीचर'.

असे का व्हावे? याला इतिहास आहे. जुन्या इंग्रजीतही नामांना आपल्यासारखे विभक्तीचे प्रत्यय होते. शतकानुशतके ते झिजत गेले आणि त्यांचे काम या छोट्या शब्दांनी अंगावर घेतले. शिवाय लॅटिन आणि फ्रेंचमधून शेकडो क्रियापदे इंग्रजीत आली, ती आपापल्या खोडी बरोबर घेऊन आली. 'डिपेंड' या शब्दाचे मूळ लॅटिन असून त्याचा मूळ अर्थ 'खाली लोंबणे' असा आहे. आपल्या 'अवलंबून' या शब्दात तरी काय आहे? 'अव' म्हणजे खाली आणि 'लंब्' म्हणजे लोंबणे. दोन दूरच्या भाषांनी एकच चित्र पाहिले, आणि योगायोगाने तेथे 'वर' व 'ऑन' यांचे जुळलेही. पण प्रत्येक वेळी असे जुळत नाही. म्हणून एक गोष्ट मनावर कोरून घ्यावी : प्रिपोझिशन मराठी प्रत्ययावरून ठरत नाही, ते इंग्रजी क्रियापदावरून ठरते. क्रियापद एकटे पाठ करू नये, त्याच्या सोबत्यासह पाठ करावे.

आता या क्रियापदांचे आपण चार गट करू.

१. ज्यांना सोबती नको

आपल्याकडे सर्वांत जास्त चुका या गटात होतात. 'वुई डिस्कस्ड अबाऊट द प्रॉब्लेम' हे वाक्य आपण सभांमध्ये नेहमी ऐकतो. 'डिस्कस' याचाच अर्थ 'च्याविषयी चर्चा करणे'. 'विषयी' त्याच्या पोटात आहे. म्हणून 'वुई डिस्कस्ड द प्रॉब्लेम' एवढेच पुरे.

याच गटातील आणखी काही क्रियापदे पाहा. 'एंटर द रूम' लिहावे, 'एंटर इन्टू द रूम' नव्हे. 'रीच द स्टेशन' लिहावे, 'रीच टू द स्टेशन' नव्हे. 'रिझेम्बल हिज फादर', 'आन्सर द क्वेश्चन', 'ऑर्डर टू कप्स ऑफ टी', 'काँटॅक्ट द मॅनेजर', 'अप्रोच द बँक' या सर्वांत क्रियापदानंतर सरळ कर्म येते. 'आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह' हे अर्जात हमखास आढळणारे वाक्य चूक आहे. 'आय रिक्वेस्ट यू टू ग्रँट मी लीव्ह' असे लिहावे.

मग ही चूक इतकी पसरली कशी? याचे एक कारण बारकाईने पाहण्यासारखे आहे. यांपैकी अनेक शब्द नाम म्हणूनही वापरले जातात किंवा त्यांची नामे तयार होतात, आणि नामाला मात्र सोबती लागतो. 'डिस्कस द मॅटर' पण 'अ डिस्कशन अबाऊट द मॅटर'. 'रिक्वेस्ट' हे क्रियापद असताना 'फॉर' नको, पण नाम असताना 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह'. 'अटॅक द व्हिलेज' पण 'अ‍ॅन अटॅक ऑन द व्हिलेज'. 'डिमांड जस्टिस' पण 'अ डिमांड फॉर जस्टिस'. 'एंटर द हॉल' पण 'एंट्री इन्टू द हॉल'. 'एम्फसाइझ द पॉइंट' पण 'ले एम्फसिस ऑन द पॉइंट'. आपण नामाचा सोबती क्रियापदाच्या गळ्यात बांधतो. शब्द या वाक्यात नाम आहे की क्रियापद, एवढे एकदा स्वतःला विचारले तरी या गटातील बऱ्याच चुका टळतील.

२. ज्यांना सोबती हवाच

हा गट पहिल्याच्या उलट. मराठीत प्रत्यय नसतो किंवा साधा 'ला' असतो, म्हणून आपण इंग्रजीतला शब्द गाळतो. 'गाणे ऐकणे' यात प्रत्यय नाही, म्हणून मुले 'लिसन म्युझिक' लिहितात. पाहिजे 'लिसन टू म्युझिक'. 'बसची वाट पाहणे' म्हणजे 'वेट फॉर द बस'. 'पत्राला उत्तर देणे' म्हणजे 'रिप्लाय टू द लेटर'. येथे गंमत पाहा : 'आन्सर'ला 'टू' नको, पण त्याच अर्थाच्या 'रिप्लाय'ला हवे. अर्थ सारखा असला तरी सोबती सारखा असेलच असे नाही.

'मला समजावून सांगा' याचे 'एक्स्प्लेन मी' होत नाही. 'एक्स्प्लेन इट टू मी' असे होते. तसेच 'तो मला म्हणाला' हे 'ही सेड टू मी', पण 'त्याने मला सांगितले' हे 'ही टोल्ड मी'. 'से'ला माणसापूर्वी 'टू' लागते, 'टेल'ला लागत नाही. पोहोचण्याच्या बाबतीतही असेच : 'रीच' एकटे चालते, पण 'अराइव्ह'ला सोबती लागतो. स्टेशन, शाळा, कचेरी अशा ठिकाणासाठी 'अराइव्ह ॲट', आणि शहर किंवा देश असेल तर 'अराइव्ह इन', जसे 'अराइव्ह इन नागपूर'.

३. ज्यांचा सोबती ठरलेला आहे

या गटात पाठांतराला पर्याय नाही. पण सोबत्याचा स्वभाव ओळखून पाठ केले तर ओझे हलके होते.

'फ्रॉम' हा शब्द सहसा दूर होण्याशी, दूर ठेवण्याशी किंवा बाहेर येण्याशी जातो. 'प्रिव्हेंट हिम फ्रॉम गोइंग', 'प्रोटेक्ट फ्रॉम कोल्ड', 'रिकव्हर फ्रॉम इलनेस', 'बॉरो फ्रॉम अ फ्रेंड'. बँकेतून पैसे काढतो तेही 'विदड्रॉ फ्रॉम द अकाउंट'.

'फॉर' बहुधा हव्या असलेल्या वस्तूकडे बोट दाखवते. 'अप्लाय फॉर अ लोन', 'आस्क फॉर हेल्प', 'होप फॉर सक्सेस'. याशिवाय कारण किंवा मोबदला दाखवायलाही ते येते : 'अपॉलोजाइझ फॉर द मिस्टेक', 'पे फॉर द बुक्स'.

'ऑन'मध्ये टेकण्याचा, भार देण्याचा भाव पुष्कळदा असतो. 'रिलाय ऑन', 'इन्सिस्ट ऑन', 'कॉन्सन्ट्रेट ऑन'. अभिनंदनालाही 'ऑन' लागते. 'काँग्रॅच्युलेट हर ऑन हर सक्सेस'. फलकांवर येथे 'फॉर' लिहिलेले दिसते, परंतु परीक्षेत 'ऑन'च लिहावे.

'इन' आत शिरण्याचे, सहभागाचे. 'पार्टिसिपेट इन', 'सक्सीड इन', 'इन्व्हेस्ट इन', 'डिपॉझिट मनी इन द बँक'.

'ऑफ' हे कोणाकडून काही हिरावून घेणे किंवा कोणाला कशाची जाणीव देणे या अर्थाच्या क्रियापदांशी येते. 'डिप्राइव्ह देम ऑफ देअर राइट्स', 'रॉब हिम ऑफ हिज मनी', 'रिमाइंड मी ऑफ माय चाइल्डहूड', 'इन्फॉर्म द पोलीस ऑफ द अ‍ॅक्सिडेंट'. आरोपासाठी 'अक्यूझ ऑफ', पण कोर्टकचेरीच्या भाषेत 'चार्ज' आले की 'चार्ज विथ'. एवढा फरक ध्यानात ठेवावा.

'विथ' सोबतीचे आणि सामोरे जाण्याचे. 'डील विथ', 'कम्प्लाय विथ द रूल्स', 'कोप विथ डिफिकल्टीज'. आपल्याकडे 'कोप अप विथ' असे सर्रास म्हणतात. त्यातले 'अप' काढून टाकावे.

४. सोबती बदलला की अर्थ बदलतो

हा गट सर्वांत महत्त्वाचा, कारण येथे नुसते व्याकरण चुकत नाही, म्हणणेच बदलते. आमची फजिती झाली ती याच गटात. 'लुक ॲट' म्हणजे पाहणे, 'लुक फॉर' म्हणजे शोधणे, 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे आणि 'लुक इन्टू' म्हणजे चौकशी करणे.

'द पोलीस सर्च्ड द बॉय' म्हणजे पोलिसांनी मुलाची झडती घेतली. 'द पोलीस सर्च्ड फॉर द बॉय' म्हणजे हरवलेल्या मुलाचा शोध घेतला. एका 'फॉर'ने मुलगा संशयित ठरतो किंवा हरवलेला ठरतो. 'ही थ्र्यू द बॉल टू मी' म्हणजे मी झेलावा म्हणून चेंडू टाकला. 'टू'च्या जागी 'ॲट' आले की मला मारण्यासाठी फेकला. 'शाउट टू' म्हणजे ऐकू जावे म्हणून ओरडणे, 'शाउट ॲट' म्हणजे अंगावर ओरडणे.

'अटेंड द मीटिंग' म्हणजे सभेला हजर राहणे, पण 'अटेंड टू द कस्टमर' म्हणजे ग्राहकाचे काम पाहणे. 'एंटर द रूम' म्हणजे खोलीत जाणे, पण करार करताना मात्र 'एंटर इन्टू अ‍ॅन अग्रीमेंट'. 'रिझल्ट इन'नंतर परिणाम येतो आणि 'रिझल्ट फ्रॉम'नंतर कारण. पावसामुळे पूर आला तर 'द हेवी रेन रिझल्टेड इन फ्लड्स', आणि उलट बाजूने 'द फ्लड्स रिझल्टेड फ्रॉम द हेवी रेन'. माणसाशी सहमत असणे हे 'अग्री विथ', प्रस्तावाला मान्यता देणे हे 'अग्री टू', आणि दोघांनी मिळून तारीख ठरविणे हे 'अग्री ऑन अ डेट'.

अर्ज करताना 'अप्लाय'चे दोन सोबती एकाच वाक्यात येऊ शकतात. ज्याच्याकडे अर्ज करायचा त्याला 'टू', जे हवे त्याला 'फॉर' : 'शी अप्लाइड टू द बँक फॉर अ लोन'. 'पे'चे तीन प्रकार आहेत. दुकानदाराला पैसे देणे 'पे द शॉपकीपर', बिल भरणे 'पे द बिल', पण वस्तूचे पैसे देणे 'पे फॉर द राइस'. माणूस आणि बिल यांना काही नको. वस्तूला 'फॉर' हवे.

'टू'चा चकवा

एक सूचना विशेष करून अर्ज लिहिणाऱ्यांसाठी. 'टू' दिसले की पुढे क्रियापदाचे मूळ रूप लिहायचे, अशी आपल्याला सवय असते, कारण 'आय वाँट टू गो' हे आपण पहिल्यापासून शिकतो. पण 'लुक फॉरवर्ड टू' आणि 'ऑब्जेक्ट टू' यांतील 'टू' हे प्रिपोझिशन आहे आणि प्रिपोझिशननंतर क्रियापद आले तर ते 'इंग'कारान्त असते. म्हणून अर्जाच्या शेवटी 'आय लुक फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू' हे चूक आणि 'आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू' हे बरोबर. कसोटी सोपी आहे. 'टू'नंतर एखादे नाम ठेवून पाहावे. 'लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय' चालते, म्हणजे येथे 'इंग' हवे. 'वाँट टू युअर रिप्लाय' चालत नाही, म्हणून तेथे मूळ रूप.

अभ्यास कसा करावा?

ही अडचण फक्त आपलीच आहे असे समजून मनात कमीपणा घेऊ नये. ए. एस. हॉर्नबी नावाचे इंग्रज शिक्षक १९२४ साली इंग्रजी शिकविण्यासाठी जपानला गेले. जपानी भाषेतही आपल्यासारखेच छोटे शब्द नामाच्या मागून जोडले जातात. परकीय विद्यार्थ्याला शब्दाचा नुसता अर्थ पुरत नाही, तो वाक्यात कसा चालतो हेही दाखवावे लागते, हे ओळखून हॉर्नबींनी दोन सहकाऱ्यांसह एक शब्दकोश तयार केला. तो १९४२ साली टोकियोत निघाला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने तो पुन्हा प्रकाशित केला. आज विद्यार्थी जो 'ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स' कोश वापरतात, तो त्याचाच वंशज. सांगण्याचा मुद्दा असा, की आपण इंग्रजी-मराठी कोशात अर्थ पाहून थांबतो. विद्यार्थ्यांसाठी केलेल्या इंग्रजी-इंग्रजी कोशात क्रियापदाशेजारी त्याचा सोबती आणि उदाहरणाचे वाक्य दिलेले असते. असे कोश आता मोबाइलवरही पाहता येतात. अर्थ पाहिला की नजर आणखी दोन ओळी खाली न्यावी.

दुसरे, एक वही करावी. प्रत्येक पानावर एकच प्रिपोझिशन लिहावे आणि वाचताना भेटलेले क्रियापद पूर्ण वाक्यासह त्या पानावर उतरवावे. वाक्य आपल्या जगण्यातले असावे. 'माय मदर वेटेड फॉर द रेशन' हे वाक्य कोणी विसरणार नाही. रोज तीन वाक्ये लिहिली तरी वर्षाला हजारावर होतात, आणि नेहमीच्या क्रियापदांना एवढी पुष्कळ झाली. ती मोठ्याने वाचावीत, कारण बरोबर जोडी शेवटी कानालाच कळते. बँकांच्या लिपिकपदासाठी २०११ पासून आयबीपीएसतर्फे सामायिक परीक्षा घेतली जाते. तिच्यात इंग्रजीचा स्वतंत्र विभाग असतो आणि चुका ओळखण्याच्या प्रश्नांत याच जोड्या विचारल्या जातात.

सरावासाठी पाच वाक्ये देतो. प्रत्येकात एक चूक आहे. उत्तरे न पाहता ती शोधावी.

१. वुई रीच्ड टू अमरावती ॲट टेन.
२. प्लीज एक्स्प्लेन मी द रूल.
३. ही इन्सिस्टेड to पेइंग द फेअर.
४. द कमिटी डिस्कस्ड अबाऊट द अकाउंट्स.
५. आय अ‍ॅम वेटिंग युअर रिप्लाय.

उत्तरे : पहिल्यात 'टू' नको. दुसऱ्यात 'एक्स्प्लेन द रूल टू मी'. तिसऱ्यात 'टू'ऐवजी 'ऑन'. चौथ्यात 'अबाऊट' नको. पाचव्यात 'वेटिंग'नंतर 'फॉर' हवे.

शेवटी थोरांसाठी

आम्ही शिकलो तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. महाराष्ट्रात २००० सालापासून ते पहिलीपासून शिकविले जाऊ लागले. तरीही ज्या घरात इंग्रजी कानावर पडत नाही, तेथील मुलाला या जोड्या आपोआप येत नाहीत. त्यात बुद्धीचा प्रश्न नाही. तो सहवासाचा प्रश्न आहे. म्हणून आमची सभासदांना एकच विनंती आहे. आपल्या घरातला, वस्तीतला मुलगा किंवा मुलगी इंग्रजी बोलताना चुकली तर लाल वर्तुळ अवश्य काढा, पण हसू नका. चूक दुरुस्त करायला एक मिनिट लागते. हसण्याने बंद झालेले तोंड उघडायला वर्षे जातात.

त्या मुलीने पुढच्या रविवारी अर्ज पुन्हा लिहून आणला. या वेळी वाक्ये लांब होती. त्यांत दोन चुका होत्या, त्या आम्ही दाखविल्या आणि तिने तिथेच बसून सुधारल्या. वाक्य मात्र तिने एकही गाळले नव्हते.